ग्लेनिस टॅक्सीची उंच गाडी

वेल्सच्या किनाऱ्यावरच्या आमच्या आबरवेलिनमध्ये आडनावाचा काही उपयोग नाही. निम्मं गाव जोन्स, उरलेलं डेव्हिस. भर बाजारात "अहो जोन्स" अशी हाक मारली, तर मासेवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे वळून बघतील. म्हणून आमच्याकडे माणसाला त्याच्या धंद्याचं नाव चिकटतं आणि धंदा सुटला तरी ते सुटत नाही. पाव भाजणारा तो आयोर पाव. टपाल वाटायचा तो ग्विलिम पोस्ट. आणि स्टेशनासमोरच्या स्टँडवर टॅक्सी लावायची ती ग्लेनिस टॅक्सी.

तिच्या आधी तिचे वडील एम्लिन टॅक्सी होते. काचबिंदूनं त्यांची नजर गेली तेव्हा ग्लेनिस लोकरीच्या दुकानात कामाला होती. गाडीच्या मागं लावायची काउन्सिलच्या परवान्याची पाटी एकदा परत केली की पुन्हा मिळायची मारामार, म्हणून वडील म्हणाले, "थोडे दिवस चालव तू. मग बघू काय करायचं ते." ते थोडे दिवस संपलेच नाहीत. वडील गेले. मग आईची डावी बाजू लुळी पडली आणि ग्लेनिसचं टॅक्सी चालवणं आणि आईचं करणं हे एकच काम होऊन बसलं. दोन भाड्यांच्या मध्ये घरी जायचं, आईला उठवायचं, सूप भरवायचं, परत स्टँडवर. आईला डॉक्टरकडे न्यायचं झालं तर ती एक हात पाठीखाली, एक हात गुडघ्यांखाली घालून तिला उचलायची आणि पुढच्या सीटवर अलगद ठेवायची. लग्नाचं एकदा जमत आलं होतं. तो कार्डिफला राहू म्हणत होता, ही आईला सोडून येत नव्हती. मोडलं. त्यानंतर कुणी विचारलं नाही आणि हिनंही मनाला लावून घेतलं नाही, निदान दिसू दिलं नाही.

आई गेली त्याला तीन हिवाळे झाले होते. तेव्हापासून घर खायला उठायचं. फोन वाजला तर विमा विकणाऱ्याचा. म्हणून ग्लेनिस सकाळी पहिल्या आगगाडीच्या आधी स्टँडवर हजर असायची आणि संध्याकाळी बाकीचे निघाले तरी रेंगाळायची. स्टँडवर तिच्याखेरीज दोघं. एल्वेड, पोट सुटलेला, तोंडाचा पट्टा सतत चालू. आणि इद्वल, ज्याच्या तोंडून आठवड्यात चार वाक्यं निघायची, त्यातली तीन रग्बीची. आगगाडी येईपर्यंत तिघं एल्वेडच्या गाडीत बसायचे. ग्लेनिस थर्मासमधला चहा ओतायची, इद्वलच्या बायकोनं दिलेला फळांचा केक निघायचा, काचा वाफेनं भरायच्या आणि बाहेर आडवा पाऊस चालू असायचा.

नव्या नियमाची बातमी एल्वेडनंच आणली.

"ऐकलंत का? काउन्सिलचं डोकं फिरलंय," तो म्हणाला. "यापुढं स्टँडवरची गाडी बदलायची झाली तर नवी गाडी व्हीलचेअर आत जाईल अशीच हवी. नाही तर पाटी परत करा. आणि गाडी जुनी झाली की बदलायची, तीही सक्तीनं."

"जुनी म्हणजे किती जुनी?" ग्लेनिसनं विचारलं.

"तुझ्या गाडीएवढी," एल्वेड म्हणाला. "पहिला नंबर तुझाच, बाई. वसंतात."

इद्वलनं केकचा घास गिळला. "त्या उंच गाड्या म्हणजे नुसते डबे, समुद्राच्या रस्त्यावर वारा सुटला की आडव्या होतील." हे त्या आठवड्याचं चौथं वाक्य होतं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"डबा राहू दे बाजूला," एल्वेड म्हणाला. "माझी कंबर बघा. सकाळी मोजे घालायला मला बायको लागते. मी शंभर किलोचा माणूस फळीवरून ढकलत वर नेऊ? मग दुसरी व्हीलचेअर माझ्यासाठीच मागवा म्हणावं."

हसले तिघंही. पण ग्लेनिसच्या डोक्यात मिसेस प्रॉसर होत्या. ओल्वेन प्रॉसर, चौऱ्याऐंशीच्या, दोन्ही गुडघे गेलेले. दर शुक्रवारी ग्लेनिस त्यांना केस सेट करायला न्यायची, मग बाजार, मग घर. मिसेस प्रॉसर दाराशी पाठ करून आधी सीटवर टेकायच्या, मग ग्लेनिस त्यांचे पाय उचलून आत ठेवायची. गाडी खाली होती म्हणून ते जमत होतं. गावातली निम्मी म्हातारी माणसं अशीच बसायची. त्या उंच डब्यात ही चढणार कशी?

काउन्सिलनं शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. आदल्या दिवशी एल्वेड म्हणाला, "ग्लेनिस, बोलायचं तू. मी उभा राहिलो तर म्हणतील, आळशी आहे, काम टाळतोय. तू बाईमाणूस. आईला नऊ वर्षं उचललंस, सगळ्या गावानं बघितलंय. तुझं ऐकतील."

ग्लेनिसला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. तिनं चर्चला जायचा निळा कोट घातला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. अध्यक्षबाईंनी नाव पुकारल्यावर उठली.

"मी काही व्हीलचेअरवाल्यांच्या विरुद्ध नाही," ती म्हणाली. "पण माझ्या गाडीत रोज बसणारी माणसं काठी टेकत येतात. खुर्चीवाला वर्षात एखादा. त्या एकासाठी गाडी उंच केलीत, तर काठीवाले दहा जण फुटपाथवर राहतील. दोन्ही तऱ्हेच्या गाड्या ठेवा, एवढंच म्हणणं आहे. माझी आई चालत नव्हती. तिला मी उचलून ठेवायची. माणूस मनावर घेतो तेव्हा होतं सगळं."

टाळ्या पडल्या. एल्वेडच्या जरा जास्तच जोरात.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मला उचलशील का, ग्लेनिस?"

सगळे वळले. दाराजवळ खुर्चीत ग्विलिम पोस्ट बसला होता. साखरेच्या दुखण्यानं त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली घेतले होते, हे गावाला माहीत होतं. पण गावानं त्याला पाहून बराच काळ लोटला होता.

"तुझी आई चिमणीएवढी होती आणि ती तुझी आई होती," तो म्हणाला. "मी पाय नसतानाही घोड्याएवढा आहे आणि तुझा कुणी नाही. बोल, उचलशील?"

हॉलमध्ये हशा पिकला. ग्लेनिसही हसली, पण तिचे कान तापले.

"वर्षात एखादा खुर्चीवाला, म्हणालीस," ग्विलिम पुढं बोलू लागला, तेव्हा हसणं थांबलं. "का एखादाच? मी फोन केले ना. एल्वेडला केला, इद्वलला केला. तुलाही केला, तेव्हा तू म्हणालीस की खुर्ची दुमडत असेल तर बघू. माझी दुमडत नाही. तीन वेळा नाही ऐकलं की माणूस चौथ्यांदा विचारत नाही. या खोऱ्यातल्या प्रत्येक दाराशी मी चालत गेलोय. आता माझ्या दारापासून निघायला मला गाडी नाही."

अध्यक्षबाई म्हणाल्या, दोन्ही बाजूंची नोंद घेतली आहे. आणि नियम होता तसा मंजूर झाला.

सभा संपल्यावर ग्लेनिस गाडीशी येऊन उभी राहिली. ग्विलिमला त्याच्या शेजाऱ्यानं आणलं होतं, केरी नावाच्या काडीसारख्या माणसानं. येताना उतार होता, जाताना चढ. मागून ढकलत नेणं केरीला झेपेना, म्हणून त्यानं खुर्ची फिरवली आणि ती मागं ओढत, एक एक पाऊल उलटं टाकत तो चॅपलची चढण चढू लागला. त्यामुळं ग्विलिमचं तोंड सबंध चढणभर खालीच, ग्लेनिसकडेच राहिलं. तो दूर जात होता आणि तिच्याकडे बघत होता. हात हलवावा की गाडीत बसून निघून जावं, तिला कळेना. तिची गाडी त्याच्या काही कामाची नव्हती. वळणावर तो दिसेनासा झाला तेव्हा कुठं तिनं दार उघडलं.

वसंत उजाडेपर्यंत तिघांनी आपापला मार्ग धरला. एल्वेडनं पाटी परत केली आणि फोनवरच्या टॅक्सीचा परवाना काढला. त्या परवान्यावर स्टँडला उभं राहता येत नाही, पण उंच गाडीची सक्तीही नाही. "घरी सोफ्यावर बसायचं," तो म्हणाला, "फोन आला की निघायचं. पावसात कोण मरतंय?" इद्वल त्याच्या मागोमाग गेला. दोघंही ग्लेनिसला म्हणाले, तूही चल.

तिनं विचार केला नाही असं नाही. पण घरी बसून फोनची वाट बघायची, हेच तिला नको होतं. आईच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून वाट बघायची, आणि फोन नाही वाजला तर? तिनं वडिलांची पाटी ठेवली, साठवलेलं सगळं घातलं आणि एक जुनी उंच पांढरी गाडी आणली. मागं दुमडती फळी, गाडीच्या तळाला खुर्ची बांधायचे चार पट्टे, बाजूला चढायची पायरी. गाडी विकणाऱ्या माणसानं पट्टे कसे अडकवायचे ते दाखवलं. तिनं घरी अंगणात आईची जुनी खुर्ची काढून, तिच्यात बटाट्याचं पोतं ठेवून पुनःपुन्हा करून बघितलं. पाठ भरून यायची. रात्री ती गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपायची.

स्टँड सोडवत नाही म्हणून तिनं ही गाडी घेतली होती. पण पहिल्या दिवशी ती गाडी लावून उभी राहिली, तेव्हा स्टँडवर स्टँड म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. तीन गाड्यांच्या जागेत तिची एकटीची गाडी. थर्मासमध्ये सवयीनं तिघांचा चहा होता.

शुक्रवारी मिसेस प्रॉसरच्या दाराशी गाडी उभी राहिली. म्हातारी डोक्याला रुमाल बांधून तयार होती. तिनं गाडीकडे पाहिलं, वर पाहिलं.

"अगं ग्लेनिस, ही काय माडी आहे का?"

"पायरी आहे ना. मी धरते. हे हँडल पकडा, आणि उजवा पाय आधी."

उजवा पाय पायरीवर पोचला. डावा जमिनीवरून सुटेना. ग्लेनिसनं मागून आधार दिला. मिसेस प्रॉसरचा गुडघा वळला, हात हँडलवरून निसटला आणि त्या ग्लेनिसच्या अंगावर रेलल्या. समोरच्या घरातून कुणी तरी पडदा सरकवून बघितला. पुन्हा एकदा झालं. तिसऱ्यांदा म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याचं की लाजेचं कोण जाणे.

"असं करू," ग्लेनिस हळूच म्हणाली. "मागं आईची खुर्ची ठेवलीय मी. तुम्ही खुर्चीत बसा, मी फळीवरून आत नेते. कष्टच नाहीत."

मिसेस प्रॉसरनी रुमाल सारखा केला. "मी अजून खुर्चीत बसलेली नाही, ग्लेनिस," त्या म्हणाल्या. "बसले की कळवीन." आणि काठी टेकत, पाठ सरळ ठेवून त्या घरात गेल्या.

पुढच्या शुक्रवारी ग्लेनिसनं त्यांना पाहिलं. एल्वेडच्या गाडीत पुढं बसल्या होत्या, केस नीट सेट केलेले, आणि एल्वेडच्या कसल्याशा विनोदावर हसत होत्या. गाडी स्टँडवरून गेली. एल्वेडनं हॉर्न वाजवला. मिसेस प्रॉसर दुसरीकडे बघत होत्या.

एक एक करून काठीवाले सगळे गेले. आणि खुर्चीवाले काही येईनात. ग्लेनिसला वाटलं होतं, गाडी आली की माणसं येतील. पण ज्यांना कुणी नेलंच नव्हतं, ती माणसं विचारायचं कधीच सोडून बसली होती. उन्हाळ्यात सहलीला येणारी बिऱ्हाडं तिच्या गाडीत तंबू, बादल्या आणि कुत्री घालून कॅराव्हानच्या मैदानावर जायची, एवढंच. तिला राग येऊ लागला. कुणाचा, ते ठरवायला जागा नव्हती, म्हणून तो ग्विलिम पोस्टवर गेला. एका मंगळवारी दुपारी तिनं गाडी चॅपलची चढण चढवली आणि त्याचं दार ठोठावलं.

"उघडंच आहे," आतून आवाज आला. "कोण मेलं?"

"कुणी मेलं नाही. ग्लेनिस आहे."

ग्विलिम खिडकीशी बसला होता. समोर टीव्ही, आवाज बंद. ती दारातच उभी राहून म्हणाली, "अहो ग्विलिम, सगळ्यांसमोर मला विचारलंत, उचलशील का. घेतली ना आता गाडी. तीन महिने स्टँडवर उभी आहे. तुमचा फोन कुठं आहे?"

ग्विलिमनं तिच्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर, खाली उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडे.

"गाडी असायला हवी, असं मी म्हणालो," तो म्हणाला. "मी कुठं जाणार आहे असं कधी म्हणालो?"

"म्हणजे?"

"म्हणजे जायचं कुठं, सांग ना. दुकानातलं केरी आणतो. डॉक्टर घरी येतो. बायको असती तर तिच्या बहिणीकडे गेलो असतो. भांडायला सोपं होतं गं. भांडताना वाटायचं, गाडी मिळाली की जाऊ. आता गाडी दाराशी आलीय आणि मला एक ठिकाण सुचत नाही."

ग्लेनिस आत येऊन बसली. तिला कुणी असं विचारलं असतं, तर तीही स्टँडपलीकडे कुठलं नाव घेणार होती? टीव्हीवर कुणी तरी बागेत खड्डा खणत होतं. दोघं तो खड्डा बघत राहिली.

"तुमची टपालाची फेरी कुठून सुरू व्हायची?" तिनं शेवटी विचारलं.

"पुलापासून. मग नदीच्या कडेनं वर, खोऱ्याच्या टोकापर्यंत. का?"

"काही नाही. गाडीत डिझेल आहे."

त्याला आत घ्यायला अर्धा तास गेला. बटाट्याचं पोतं गप्प बसायचं, ग्विलिम सूचना देत होता. "डावा पट्टा ढिला आहे. अगं, मी टपालाची पिशवी नाही, घट्ट बांध." फळीवरून ढकलताना ग्लेनिसच्या पाठीतून कळ गेली, पण खुर्ची वर पोचली.

पूल ओलांडल्यावर तो म्हणाला, "मला काही दिसत नाही."

तिनं आरशात बघितलं. खुर्चीत बसलेला ग्विलिम इतका उंच झाला होता, की त्याचं डोकं खिडकीच्या वरच्या कडेच्याही वर होतं. मान वाकवली तरी त्याला फक्त रस्त्याकडेचं गवत दिसत होतं. गाडी बनवणाऱ्यांनी खुर्ची आत जाईल हे बघितलं होतं, आतल्या माणसाला बाहेर बघायचं असेल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मी सांगते," ग्लेनिस म्हणाली. आणि गाडी हळू करून ती सांगू लागली. "नदीला पाणी कमी आहे. मोठ्या दगडावर बगळा उभा आहे एक. आता गिरणीचं वळण. भिंत पडलीय. मेंढ्या रस्त्यावर आल्यात, थांबते जरा. दोन काळ्या तोंडाच्या आहेत."

"त्या वर्नच्या शेतावरच्या," मागून आवाज आला. "पुढं डावीकडे निळं फाटक."

"आता हिरवं आहे."

"हिरवं?"

निळ्या फाटकाच्या घराला आता किल्लीची पेटी लावली होती, सुट्टीत भाड्यानं देतात तशी. पडदे ओढलेले. पुढच्या घरात बर्मिंगहॅमची तरणी माणसं राहात होती. त्यांनी हात हलवला, पण ती ग्विलिमला ओळखत नव्हती. तिसरं घर नुसतंच बंद. ग्विलिम प्रत्येक घरापाशी थांबायला सांगायचा, ग्लेनिस काय दिसतं ते सांगायची, मग तो म्हणायचा, "चल." कुठं कोण राहायचं, कुणाला कुठल्या मुलाचं पत्र यायचं, कुठल्या कुत्र्यानं त्याची पँट फाडली, हे सगळं त्याच्या तोंडून येत होतं. आणि तिच्या तोंडून पडदे, कुलपं, वाढलेलं गवत.

खोऱ्याच्या टोकाला मात्र हेविन भेटला. मेंढ्यांचं काम करता करता वाकून गेलेला. ग्लेनिसनं मागचं दार उघडलं तसा तो आत डोकावला आणि ओरडला, "पोस्ट! अरे लेका, माझं पत्र घेऊन कुठं बसला होतास इतकी वर्षं?"

"पत्ता नीट नव्हता," ग्विलिम म्हणाला.

दोघं बोलले. मेलेल्यांबद्दल, मेंढ्यांच्या भावाबद्दल, हेविनच्या कानांबद्दल. हेविनला निम्मं ऐकू येत नव्हतं, म्हणून तो स्वतःच बोलत राहिला. मग त्याच्या कुत्र्यानं भुंकायला सुरुवात केली, मेंढ्या चुकीच्या शेतात शिरल्या होत्या, आणि तो "आलोच" म्हणून गेला. त्यांनी वाट बघितली. तो काही परत आला नाही. लांब टेकडीवर त्याची वाकलेली आकृती ग्लेनिसला दिसत होती. ग्विलिमला दिसत नव्हती. तिनं सांगितलं, "वर गेलाय. मेंढ्या वळवतोय."

"वळव म्हणावं," ग्विलिम म्हणाला. "आता घरी चल."

परतताना त्यानं कुठल्याच घरापाशी थांबायला सांगितलं नाही. ग्लेनिसला वाटलं, चुकलं आपलं. नसतं नेलं तर त्याचं खोरं होतं तसं तरी राहिलं असतं. पण दुसऱ्या मंगळवारी स्टँडवर तिचा फोन वाजला. "ग्लेनिस, डिझेल आहे का?"

तो उन्हाळा मग बरा गेला. मंगळवारी ती त्याला न्यायची. न्हाव्याकडे, एकदा बायकोच्या थडग्याशी, बहुतेक वेळा धक्क्यावर. तिथं ती गाडी समुद्राकडे पाठ करून लावायची, मागचं दार उघडायची, फळी खाली सोडायची आणि ग्विलिम दारात बसून सगळा उपसागर बघायचा. ती फळीच्या कडेवर बसायची. चिप्सचा कागद दोघांच्या मध्ये, त्यावर व्हिनेगर, आणि सीगल पक्ष्यांना हाकलायचं काम ग्विलिमकडे. एकदा तो म्हणाला, "मी टपाल घेऊन चाललो की तुझे वडील मला हात करायचे. फक्त दोन बोटं उचलायचे, स्टिअरिंग न सोडता." ग्लेनिसला ते माहीत नव्हतं. घरी येऊन तिनं स्टिअरिंग असल्यासारखे हात धरून दोन बोटं उचलून बघितली.

सप्टेंबरात ग्विलिमच्या पायांच्या जखमा पुन्हा चिघळल्या. त्याची मुलगी मेनिर श्रूजबरीहून आली. तिनं आपल्या घराजवळचा एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. ती वाईट नव्हती. दमलेली होती. ती ग्लेनिसला म्हणाली, "तुमची गाडी आहे म्हणून बरं. नाही तर अँब्युलन्स मागवावी लागली असती."

सरहद्द ओलांडून इंग्लंडात जायचा रस्ता लांबचा. मेनिर तिच्या गाडीत पुढं, सामान घेऊन. ग्लेनिस मागं, ग्विलिमला घेऊन. तिनं सवयीनं सांगायला सुरुवात केली. डोंगर, धरण, ढगांची सावली. वेल्शपूलच्या पुढं सपाटी लागली तसा तो म्हणाला, "पुरे आता. इथलं मी ओळखत नाही. सांगून काय करतेस?"

मग ती नुसती गाडी चालवत राहिली.

वृद्धाश्रमाच्या दाराशी दोन हसऱ्या मुली वाटच बघत होत्या. ग्लेनिसनं पट्टे सोडले, फळी टाकली, खुर्चीच्या मुठी धरल्या. "आता आम्ही बघतो," एक मुलगी म्हणाली आणि तिनं मुठी आपल्या हातात घेतल्या. ग्लेनिसचे हात तसेच पुढं राहिले.

"ग्लेनिस," ग्विलिम मागं न वळता म्हणाला, "या पोरींना सांग, मी टपालाची पिशवी नाही."

"सांगते," ती म्हणाली. काचेचं दार आपोआप उघडलं आणि आपोआप मिटलं.

परतीच्या वाटेवर मोकळे पट्टे प्रत्येक वळणाला मागं आपटत होते. तिनं एका पेट्रोल पंपाशी उतरून ते एकमेकांत अडकवले. तरी आवाज व्हायचा तो होतच राहिला. नाताळाला तिनं त्याला कार्ड पाठवलं. उत्तर मेनिरच्या अक्षरात आलं, बाबा बरे आहेत, सगळ्यांना विचारलंय म्हणून.

पुढच्या वर्षी काउन्सिलनं नियमाचा फेरविचार केला. लोकांच्या तक्रारी लक्षात घेता स्टँडवर निम्म्या साध्या गाड्याही चालतील, असं ठरलं. ग्लेनिस सभेत जे म्हणाली होती, जवळजवळ तेच. एल्वेड गाडी थांबवून काच खाली करून म्हणाला, "जिंकलीस बघ, बाई. तुझंच ऐकलं शेवटी."

"मग येताय का परत? तू आणि इद्वल?"

एल्वेड ओशाळं हसला. "आता कोण येतंय गं पावसात उभं राहायला. सवय मोडली. तूच ये इकडे. विकून टाक हा डबा. घरी बसायचं, फोन आला की निघायचं."

"आणि नाही वाजला तर?"

"वाजतो गं."

"स्टँडवर कुणी नाही आलं तरी निदान आगगाडी तरी येते," ग्लेनिस म्हणाली.

मिसेस प्रॉसरना न्यायची वेळ झाली होती, एल्वेडनं हात केला आणि तो गेला.

आगगाडी आली. दोन डबे, खारट वाऱ्यानं रंग उडालेले. सात-आठ माणसं उतरली. कुणाला घ्यायला मुलगा आला होता, कुणाला बायको, आणि कॉलेजच्या पोरी बॅगा ओढत चालतच निघाल्या. ग्लेनिस गाडीच्या बाहेर येऊन उभी होती, मागचं दार अर्धं उघडून, फळी दिसेल अशी. फलाटावरचा माणूस तिला म्हणाला, "आज वारा आहे." ती म्हणाली, "आहे." आगगाडीनं शिट्टी दिली आणि ती पुढच्या गावाकडे निघून गेली. मग ग्लेनिसनं दार ओढून घेतलं, पुढं येऊन बसली आणि थर्मासचं झाकण फिरवलं. आता ती एका माणसापुरताच चहा आणायला शिकली होती.